परिपत्रकातली एक ओळ



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता दाराच्या वर, कपाटावर किंवा टीव्हीच्या शेजारी एक लहानसा डबा असतो. त्याला दोन-चार शिंगे असतात, समोर बारीक दिवे लुकलुकतात. केबलवाला येऊन तो बसवून जातो. मुले त्याला ‘वायफाय’ म्हणतात. त्याचे खरे नाव राउटर. नेट गेले की घरातले कोणीतरी उठते, त्याचे बटण बंद करते, दहापर्यंत आकडे मोजते आणि पुन्हा चालू करते. एवढीच त्याची आणि आपली ओळख. पण मुलाचा भरतीचा फॉर्म, मुलीची परीक्षा, बँकेचा व्यवहार, गावाकडच्या आईशी बोलणे, हे सारे या डब्यातूनच जाते आणि या डब्यातूनच येते. म्हणून आज त्याच्याविषयी लिहायचे ठरवले आहे.

हा डबा म्हणजे एक छोटा संगणकच आहे. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, एवढेच. पोटात प्रोसेसर आहे, थोडी स्मृती आहे आणि लहरी सोडणारा व पकडणारा एक रेडिओ आहे. या सर्वांनी कसे वागायचे याच्या सूचना एका चिपमध्ये भरलेल्या असतात. त्या सूचनांच्या संचाला फर्मवेअर म्हणतात. कोणत्या पट्ट्यावर लहरी सोडायच्या, किती जोराने सोडायच्या, घरातल्या कोणत्या फोनला आधी वाट द्यायची, बाहेरचा चोर दार ठोठावू लागला तर काय करायचे, सगळे फर्मवेअर ठरवते. फर्मवेअर बदलले की डबा तोच राहतो आणि वागणे बदलते.

आता प्रश्न असा, की पैसे मोजून घरी आणलेल्या डब्यातल्या या सूचना बदलण्याचा अधिकार कोणाचा? कंपनीचा, सरकारचा, की ज्याने पैसे मोजले त्याचा? अमेरिकेत २०१५ आणि २०१६ साली या प्रश्नावरून बरेच रण माजले, आणि ते माजले सरकारी परिपत्रकातल्या एका ओळीवरून. आम्ही कारकून मंडळी. परिपत्रकातल्या एका ओळीने किती लोकांचे अर्ज परत जातात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. म्हणून ही हकिकत मला जवळची वाटली.

सुरुवात २००२ सालच्या डिसेंबरपासून करावी लागते. लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने तेव्हा एक निळा-काळा राउटर बाजारात आणला. नाव जरा अवघड, डब्ल्यूआरटी-५४-जी. पुढच्याच वर्षी सिस्को या बड्या कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. तोवर काही जिज्ञासू लोकांच्या लक्षात आले होते, की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स ही प्रणाली जगभरच्या प्रोग्रामरांनी मिळून लिहिलेली. तिचा परवाना असा की कोणीही ती वापरावी, बदलावी, विकावी. मात्र विकताना तिचे मूळ लिखाणही घेणाऱ्याला दिले पाहिजे. फुकट घ्यायचे आणि पुढच्याच्या तोंडावर दार लावायचे, हे या परवान्यात चालत नाही. लिंक्सिसने लिनक्स घेतले होते, पण मूळ लिखाण दिले नव्हते. ओरड झाली आणि २००३ सालीच कंपनीला ते खुले करावे लागले. पुढे इतर उत्पादनांवरून तक्रारी चालूच राहिल्या. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला आणि मे २००९ मध्ये तडजोड झाली.

त्या खुल्या झालेल्या लिखाणातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी नावाचा प्रकल्प उभा राहिला. नावातच त्या निळ्या राउटरची आठवण आहे. त्याच्या पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी आले. कंपनीचे फर्मवेअर पुसून त्या जागी हे खुले फर्मवेअर भरायचे. या कामाला ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. साठ-सत्तर डॉलरच्या घरगुती डब्याकडून लोक मोठ्या कार्यालयातल्या यंत्राची कामे करून घेऊ लागले.

तुम्ही म्हणाल, हे झाले हौशी लोकांचे खेळ. आपल्याला त्याचे काय? म्हणून दोन ठिकाणांची गोष्ट सांगतो.

पहिले ठिकाण आपल्याच देशातले, हिमाचल प्रदेशातली धरमशाला. जानेवारी २००५ च्या अखेरीस भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणजे घराबाहेरही वायफाय चालवायला परवाना काढण्याची गरज उरली नाही. फेब्रुवारी संपायच्या आत धरमशालेत आठ संस्थांची आवारे एकमेकांना बिनतारी जोडली गेली होती. तिबेटी निर्वासितांच्या शाळा, दवाखाने आणि संस्था तिथे डोंगरउतारावर विखुरलेल्या. तारा टाकणे खर्चाचे आणि दगदगीचे. तिथे कामाला आले ते तेच निळे लिंक्सिसचे डबे. कंपनीचे फर्मवेअर काढून बदललेले भरले, डब्यांना पावसापासून जपणाऱ्या पेट्यांत घातले आणि गच्चीवर चढवले. एक डबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला निरोप पोहोचवतो. मधला एक बंद पडला तर निरोप वाट बदलून जातो. या रचनेला जाळी म्हणतात. थोड्याच काळात तीसहून अधिक डबे आणि दोन हजारांवर संगणक त्या जाळीत आले. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये अशी जाळी विणण्याची सोय नव्हती. ती सोय लोकांनी स्वतः लिहून आत भरली.

दुसरे ठिकाण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले रेड हुक. तिथे सरकारी घरांची मोठी वसाहत आहे, कष्टकऱ्यांची वस्ती. कंपन्यांच्या इंटरनेटला अशा वस्तीत फारसे स्वारस्य नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तिथल्या रेड हुक इनिशिएटिव्ह या संस्थेने न्यू अमेरिका संस्थेच्या तंत्रज्ञांबरोबर छपरांवर थोडे राउटर बसवून वस्तीची जाळी उभारायला घेतली होती. त्यांतले फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेले. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ आले. रेड हुकमध्ये पाणी शिरले, वीज गेली, फोन गेले. संस्थेच्या इमारतीतली वीज मात्र टिकली आणि ती लहानशी जाळीही टिकली. लोक तिथे येऊन नातेवाइकांना निरोप पाठवू लागले, मदतीचे अर्ज भरू लागले. पुढे सरकारच्या आपत्ती निवारण यंत्रणेने उपग्रहाची जोडणी दिली, तीही याच जाळीतून वस्तीत पसरली. त्यानंतर वस्तीतल्याच तरुण मुलामुलींना हे काम शिकवण्यात आले. शिडी लावून छपरावर चढायचे, डबा बसवायचा, फर्मवेअर भरायचे आणि बिघाड शोधायचा, हे सगळे.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातलीच आहे. एका मुलाने सिनेमा उतरवायला लावला की दुसऱ्याचा फोनवरचा आवाज तुटतो, हे सर्वांनी अनुभवले असेल. आपण म्हणतो, नेट स्लो आहे. पुष्कळदा नेट स्लो नसते. डब्यातली रांग बिघडलेली असते. खिडकीवर एक माणूस दोनशे फॉर्मचा गठ्ठा घेऊन उभा असावा आणि त्याच्या मागे एकेक फॉर्मवाले तिष्ठत राहावेत, तसा तो प्रकार. डेव्ह टाट नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधण्यासाठी वर्षानुवर्षे खुल्या फर्मवेअरवर प्रयोग केले. प्रत्येकाची वेगळी रांग करायची, प्रत्येक रांगेतला एकेक फॉर्म घ्यायचा आणि गठ्ठेवाल्याला वेळीच ‘जरा हळू’ अशी सूचना द्यायची, असा तो उपाय. २०१२ साली तो लिनक्समध्ये आला आणि आज तो जगभर कोट्यवधी यंत्रांत चालतो. फर्मवेअरला कुलूप असते तर हा प्रयोग कुठे केला असता? टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये वारला. त्याचे नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकले असेल?

आता दुसरी बाजू. ती न ऐकता निकाल देणे बरोबर नाही.

वायफायच्या लहरी हवेतून जातात आणि हवा सर्वांची सामाईक आहे. वायफायचा जो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, त्याच्याच एका भागात अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांजवळची हवामान रडारे काम करतात. ही रडारे गंमत म्हणून बसवलेली नाहीत. ढगातून अचानक खाली कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतात सापडून तिथे विमाने पडली. जून १९७५ मध्ये न्यूयॉर्कला ११३ माणसे गेली, जुलै १९८२ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ १५३ गेली, ऑगस्ट १९८५ मध्ये डॅलसला १३७ गेली. त्यानंतर ही रडारे आली, ती वैमानिकाला असा झोत आधी कळावा म्हणून. २००९ साली प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआन विमानतळाच्या रडारवर चित्रविचित्र पट्टे उमटू लागले. शोध घेतल्यावर कारण सापडले, ते वायफायच्याच जातीची ५ गिगाहर्ट्झची यंत्रे.

खरे तर यासाठी नियम आधीपासूनच होता. त्या भागात लहर सोडण्यापूर्वी यंत्राने साठ सेकंद कान देऊन ऐकायचे. रडारचा आवाज आला तर दहा सेकंदांत तो भाग सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचे नाही. सान हुआनमध्ये ज्यांच्यावर कारवाई झाली ते घरी डबा उघडून बसलेले हौशी लोक नव्हते. ते होते उंच इमारतींवर यंत्रे लावून इंटरनेट विकणारे व्यावसायिक. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

अमेरिकेत लहरींचा कारभार फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन पाहते, थोडक्यात एफसीसी. २०१४ साली तिने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफायला आणखी मोकळीक दिली. खालच्या भागात घराबाहेरही वापर करा, जोरही वाढवा, असे सांगितले. त्याबरोबर अट घातली, की यंत्राचे सॉफ्टवेअर असे सुरक्षित असले पाहिजे की बाहेरच्या कोणाला त्याचा रेडिओ ठरलेल्या मर्यादेबाहेर नेता येऊ नये. मला विचाराल तर अट रास्त होती. विमानातल्या माणसांच्या जिवापुढे कोणाच्या हौसेला किंमत नाही.

गडबड झाली ती अट कागदावर उतरवताना. मार्च २०१५ मध्ये एफसीसीने कंपन्यांसाठी मार्गदर्शनाचे कागद काढले. यंत्राला मंजुरी हवी असेल तर कंपनीने कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे द्यायची, त्याची ती यादी. त्यात एका ठिकाणी विचारले होते, की यंत्र फ्लॅश होण्यापासून आणि बाहेरचे फर्मवेअर भरले जाण्यापासून कसे सुरक्षित केले आहे ते सविस्तर सांगा. आणि बाहेरच्या फर्मवेअरचे उदाहरण म्हणून चक्क डीडी-डब्ल्यूआरटीचे नाव घातलेले!

मूळ नियम रेडिओपुरता होता. कागदावर मात्र तो सगळ्या फर्मवेअरविषयी झाला. आता तुम्ही कंपनीच्या जागी बसून पाहा. रेडिओच्या मर्यादा वेगळ्या जागी कुलूपबंद ठेवायच्या आणि बाकीचे फर्मवेअर मालकासाठी मोकळे ठेवायचे, तर त्याला डोके लावावे लागते, पैसा लागतो, चिप बनवणाऱ्यांशी बोलावे लागते. त्यापेक्षा सगळ्याच डब्याला एक कुलूप ठोकले की काम स्वस्तात झाले आणि सरकारी प्रश्नाचे उत्तरही लिहून झाले. गच्चीवर पतंग उडवताना मुले पडतील म्हणून एखाद्या सोसायटीने गच्चीला कठडा बांधण्याऐवजी जिन्यालाच कुलूप लावावे, तसला हा न्याय. नियम करणाऱ्याला कदाचित हे नको असेल. पण कागदाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस सर्वांत सोपी वाट धरतो, हे त्याने ओळखायला हवे होते.

त्या उन्हाळ्यात एफसीसीने यंत्रांच्या मंजुरीचे नवे नियम मसुद्याच्या रूपाने मांडले आणि लोकांची मते मागवली. तेव्हा या जुन्या ओळीकडे सर्वांचे लक्ष गेले. हजारोंनी हरकती पाठवल्या. त्यांत प्रोग्रामर होते, जाळी चालवणारे होते, परवानाधारक हौशी रेडिओवालेही होते. या रेडिओवाल्यांना वायफायला लागून असलेल्या काही लहरी कायद्यानेच दिलेल्या आहेत आणि आपत्तीच्या वेळी ते बदललेल्या फर्मवेअरचेच राउटर वापरतात; म्हणजे सरकारने एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाणार होते.

ऑक्टोबर २०१५ मध्ये डेव्ह टाट आणि विन्ट सर्फ यांनी एक निवेदन दिले. सर्फ म्हणजे इंटरनेटची मूळ भाषा तयार करणाऱ्या दोघांपैकी एक. अडीचशेहून अधिक जाणकारांनी त्यावर सह्या केल्या. मला त्यातली मांडणी फार आवडली, कारण ते नुसते ‘बंदी नको’ म्हणून थांबले नाहीत. त्यांनी उलट मागणी केली. कंपन्यांनी रेडिओ चालवणारे मूळ लिखाण लोकांना तपासायला खुले करावे. फर्मवेअरच्या दुरुस्त्या सुरक्षितपणे पोहोचवण्याची सोय हवी आणि अखेरचा ताबा मालकाकडे हवा. एखादे भोक उघडकीला आले तर ४५ दिवसांत ते बुजवले पाहिजे. आणि जी कंपनी हे करणार नाही तिच्या यंत्राची मंजुरी काढून घ्यावी. तुम्ही मालकाच्या हातून धोका आहे म्हणता. आम्ही म्हणतो, धोका कंपनीच्या दुर्लक्षातून आहे, अशी ती भूमिका.

ती भूमिका पुढे खरी ठरली. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाच्या घुसखोर प्रोग्रामची बातमी आली. किमान ५४ देशांतले पाच लाखांवर राउटर आणि तत्सम डबे त्याने आतून ताब्यात घेतले होते. तो शिरला तो बहुतेक आधीच माहीत असलेल्या भोकांतून. अमेरिकेच्या एफबीआयने तेव्हा लोकांना सांगितले, की आपापला राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करा. आपण घरी करतो तेच! पण त्याने सगळा रोग जात नव्हता, खरी गरज नव्या फर्मवेअरची होती. आणि कंपनीचा हिशेब उघड आहे. विकलेल्या डब्यावर पुन्हा खर्च कशाला करा? दोन-चार वर्षांनी दुरुस्त्या येणे थांबते. डबा चालत राहतो, दिवे लुकलुकत राहतात आणि दाराची कडी आतून मोडलेली असते. कुलूपबंद डब्याच्या मालकाला मग दोनच वाटा उरतात, धोका पत्करा किंवा चांगला चालणारा डबा भंगारात घाला आणि नवा घ्या. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना दुसरी वाट सोपी. बाकीच्यांचे काय?

पुन्हा २०१५ कडे येऊ. १२ नोव्हेंबर रोजी एफसीसीच्या तंत्रज्ञान कार्यालयाचे प्रमुख ज्युलियस नॅप यांनी जाहीर खुलासा केला, की खुल्या फर्मवेअरवर सरसकट बंदी घालण्याचा आमचा हेतू नव्हता, फक्त रेडिओ मर्यादेबाहेर जाऊ नये एवढेच पाहायचे आहे. मार्गदर्शनाचा मजकूर सुधारण्यात आला, डीडी-डब्ल्यूआरटीचे नाव गेले. सरकारी कार्यालयाने चूक कागदावर दुरुस्त केली, हे मान्य केले पाहिजे. आमच्या अनुभवात तेवढेही क्वचित होते.

पण ओळ कागदावरून गेली तरी तिचा परिणाम बाजारातून जात नाही. २ जून २०१६ पासून नवे नियम त्या पट्ट्यातल्या सर्व यंत्रांना लागू व्हायचे होते. त्याआधी काही महिने टीपी-लिंक या कंपनीने सांगून टाकले, की अमेरिकेत विकायच्या राउटरांवर आता बाहेरचे फर्मवेअर चालणार नाही. कारण म्हणे एफसीसीचे नियम. एफसीसी म्हणत होती आम्ही असे सांगितले नाही, कंपनी म्हणत होती तुमच्यामुळेच करतो. लिंक्सिसने मात्र याच सुमारास जाहीर केले, की डब्ल्यूआरटी मालिकेतले आमचे राउटर खुलेच राहतील. रेडिओच्या मर्यादा आम्ही वेगळ्या जागी ठेवल्या आहेत. म्हणजे करायचे म्हटले तर होत होते.

आणि मग १ ऑगस्ट २०१६ रोजी एक निकाल आला. एफसीसीने टीपी-लिंकला २ लाख डॉलर भरायला लावले. गुन्हा कोणता? कंपनीच्या काही राउटरांत तिच्या स्वतःच्याच फर्मवेअरमध्ये अशी सोय होती, की वापरणाऱ्याने देशाचे नाव बदलले की राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या काही ठिकाणी अमेरिकेत मंजूर असलेल्यापेक्षा जास्त जोराने लहरी सोडू शके. लक्षात घ्या, बाहेरचे फर्मवेअर नव्हे, कोणा हौशी मुलाचा उपद्व्याप नव्हे. कंपनीने स्वतः दिलेली सोय. सान हुआनला व्यावसायिक, इथे कंपनी. कुलूप मात्र लागले होते घरातल्या मालकाला.

याहून विशेष म्हणजे तडजोडीतली दुसरी अट. टीपी-लिंकने चिप बनवणाऱ्यांबरोबर बसून आपल्या ५ गिगाहर्ट्झच्या राउटरांवर बाहेरचे फर्मवेअर चालू शकेल, आणि तरीही रेडिओ मर्यादेत राहील, अशी वाट काढावी असे एफसीसीने तिच्याकडून कबूल करून घेतले. ज्या कार्यालयाच्या एका ओळीने कुलूप लागले, त्याच कार्यालयाने ते उघडायला सांगितले. योगायोग असा की त्याच दिवशी, १ ऑगस्ट २०१६ रोजी, जर्मनीत एक कायदा लागू झाला. इंटरनेट देणारी कंपनी आपलाच राउटर ग्राहकाच्या गळ्यात बांधू शकणार नाही; कोणता डबा लावायचा ते ग्राहक ठरवेल, असा तो कायदा.

एवढ्याने सगळे सुरळीत झाले असे समजू नका. युरोपीय संघाच्या २०१४ सालच्या रेडिओ यंत्रांच्या निर्देशात तशाच अर्थाचे एक कलम आहे, की यंत्रात तेच सॉफ्टवेअर भरता यावे जे यंत्रासह नियमात बसते असे सिद्ध झाले आहे. कोणत्या यंत्रांना ते लावायचे हे वेगळ्या आदेशाने ठरायचे आहे, आणि तिथल्या संस्था त्यावर डोळा ठेवून आहेत. पुष्कळ कंपन्या आजही नव्या डब्यांना कुलूप घालूनच पाठवतात.

खुल्या फर्मवेअरचीही मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर ही जाहिरात होईल. ते भरायला थोडे शिकावे लागते. चुकीचे फर्मवेअर भरले तर डबा बंद पडतो आणि मग तो विटेच्या मोलाचा. हमी जाऊ शकते. रेडिओची मर्यादा मोडण्याचा खोडसाळपणा त्यातूनही करता येतो, तो करू नये. शेजाऱ्यांच्याच लहरी बिघडतात. आणि फार लहान स्मृतीच्या जुन्या डब्यांना ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांनीही आता नव्या आवृत्त्या देणे थांबवले आहे, कारण त्या त्यांत मावतच नाहीत.

तरीही वीस वर्षांनी त्याच मंडळींनी स्वतःचा डबा काढून दाखवला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ नावाचा राउटर आणला, किंमत ८९ डॉलर. त्यात फर्मवेअरसाठी दोन वेगळ्या चिपा आहेत आणि एक खटका आहे. एका चिपमधले बिघडले तर खटका फिरवायचा आणि दुसरीवरून डबा पुन्हा उभा करायचा. एफसीसीची मंजुरी त्यालाही आहेच. नियम पाळायचा आणि दारही उघडे ठेवायचे, हे दोन्ही एका डब्यात बसते.

आता आपल्या घरच्यापुरते. केबलवाल्याने बसवलेला डबा पुष्कळदा त्याच्याच मालकीचा असतो. त्याला न विचारता त्याच्या पोटात हात घालू नका. पण त्याला एवढे विचारायला हरकत नाही, की दादा, याचे फर्मवेअर शेवटचे कधी बदलले? स्वतःचा राउटर घ्यायचा असेल, विशेषतः जुन्या बाजारातून, तर आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्याचे नाव आहे का ते घरातल्या शिकणाऱ्या मुलाला पाहायला सांगा. आणि नुसते नाव पाहून पैसे देऊ नका. त्या निळ्या लिंक्सिसचेच पाहा. २००५ साली त्याच नावाने, त्याच रंगात पाचवी आवृत्ती आली. आतली स्मृती निम्मी केलेली आणि लिनक्स काढून टाकलेले. ज्यांना खुला डबा हवा होता त्यांच्यासाठी कंपनीने नावापुढे एक ‘एल’ अक्षर लावून जुना डबा वेगळा विकायला ठेवला. ही आवृत्ती डब्याच्या खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर मॉडेलच्या नावापुढे अगदी बारीक अक्षरात छापलेली असते. चष्मा लावून ती आधी वाचा.